दरबारचा दुसरा भाग

दरबारांना स्वतःचा गेम खेळता यायचा नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे ते थोडेफार थोर वाटायला लागले तरी तुम्ही सावध राहाल. हातात धरून खेळायचं जे यंत्र असतं, ज्याला आम्ही हँडहेल्ड म्हणतो, त्यासाठी गेम बनवणाऱ्या ऑफिसचा हा मालक. आणि याला पहिल्या दरवाज्यासमोरचा खड्डा ओलांडता येत नसे. अंगठे जाड, चाळशी कपाळावर, धीर शून्य. खड्ड्यात पडले की यंत्र माझ्या हातात कोंबायचे आणि माझ्या खुर्चीमागे जाऊन उभे राहायचे. मग मानेवर बडीशेपेचा वास आणि कानाशी सूचना. "उडी मारा. आता नको. अहो, आता. मारली का नाही?" मारलेली असायची. मग म्हणायचे, "बघा, जमलं आपल्याला."

'दरबार' हे नाव आमचं. समोर 'सर' आणि वळले की दरबार. मी त्यांना अहोजाहो करते आहे ते आईने लावलेल्या वळणामुळे, त्यांनी कमावलं म्हणून नाही.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात होते. हे वाक्य मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकलं, आणि मग ते ऐकल्याशिवाय एक आठवडा गेला नाही. पणजोबा खरोखर होते, नाही असं नाही. पण ऐकणाऱ्यागणिक त्यांना बढती मिळायची. मला सांगताना ते पागेवरचे कारकून होते. शेजारच्या सीएला सांगताना पागेचे मुख्य झाले. आम्हाला काम देणाऱ्या बंगळूरच्या कंपनीच्या मॅडम आल्या तेव्हा पणजोबा थेट महाराजांच्या उजव्या हाताला बसले होते, आणि घोडे कुठल्या कुठे गेले होते. मॅडमने फक्त "ओह नाइस" म्हटलं आणि चहा मागितला.

ऑफिस इंदूरच्या स्नेहलतागंजात, दुसऱ्या मजल्यावर, खाली सुटकेसवाला. स्टेशनवरची घोषणा ऐकू यायची इतकं जवळ. माणूस कामाला घ्यायचा तर दरबार त्याचं काम शेवटी बघायचे. आधी घराणं कुठलं, मूळ गाव कुठलं, कुणाच्या पदरी होतात, गोत्र काय. माझं आडनाव ऐकून म्हणाले, "म्हणजे तुमचे लोक फौजेकडचे. चालेल." जणू मी तलवार घेऊन कोडिंग करणार होते.

नीलेश देपालपूरचा. वडिलांची मंडीत धान्याची आडत, आणि मुलगा चित्रं अशी काढायचा की नजर हटू नये. त्याने टॅब्लेट उघडून पाताळाची नदी दाखवली. दरबारांनी तिच्याकडे बघितलंच नाही.

"गोत्र?"

"सर, ते तर मम्मीला माहीत असेल. मी ड्रॉइंग्ज आणलेत."

"म्हणजे कश्यप," दरबार म्हणाले. "ज्याला स्वतःचं काही ठाऊक नाही, त्याला भटजी कश्यप लावून मोकळे होतात. बसा." त्या दिवसापासून पाहुण्यांसमोर नीलेशची ओळख 'आमचे कश्यप' अशी व्हायची, आणि वर स्वतःच हसायचे. नीलेश बाहेर येऊन मला म्हणायचा, आणि इंदूरला बाईमाणसालाही भियाच म्हणतात, "भिया, एक दिन मैं इनका मुकुट बनाके इन्हीं को पहना दूँगा." मग आत जाऊन मुकाट्याने राजाचा मुकुट रंगवायचा.

हा राजा म्हणजे ग्रीकांच्या पाताळाचा राजा. गोष्ट तशी साधी आहे. धान्याची देवी असते, तिची मुलगी पाताळाचा राजा पळवून नेतो, आई रानोमाळ शोधत फिरते, इकडे पिकं करपतात, आणि शेवटी आई मुलीला घेऊन येते. हा पहिला भाग. दरबारांनी तो फार वर्षांपूर्वी दोन मित्रांना घेऊन जुन्या यंत्रासाठी बनवला होता, आणि खरं सांगायचं तर बरा बनवला होता. पण ग्रीकांची गोष्ट तिथे संपत नाही. मुलीने खाली असताना डाळिंबाचे दाणे खाल्लेले असतात, आणि खालचं अन्न खाल्लं की खालचं होऊन जायचं असा तिथला नियम. म्हणून दर वर्षी काही महिने तिला परत पाताळात जावं लागतं. हा दुसरा भाग, यात आई पाताळाचे दरवाजे एकेक ओलांडत तिच्यामागे जाते. बंगळूरच्या कंपनीने नवं हँडहेल्ड काढलं, त्यांना जुन्या गेमचा सीक्वेल हवा होता, आणि आम्ही सगळे त्याच्यावर बसलो होतो.

एवढ्या सुंदर गोष्टीचं दरबारांनी काय केलं म्हणाल, तर इंदूरचा सराफा केला, म्हणजे रात्रीची खाऊगल्ली. पाताळाच्या राजाला पगडी घातली. तीन तोंडांचा कुत्रा पुढे जाऊ देत नाही, तर त्याच्या एका तोंडाला पोहे, एकाला जलेबी आणि तिसऱ्याला जिरावण मसाला घातलेली सेव हवी. नदीवरचा नावाडी आईला म्हणतो, "बैठो जीजी." आणि ग्रीक नाव एकही त्यांच्या तोंडून निघायचं नाही. बंगळूरचे लोक पडद्यावर खरी नावं लिहायचे, दरबार मात्र 'आई', 'मुलगी', 'राजा', 'तो होडीवाला' यावरच अडून. मी एकदा म्हटलं, सर, निदान मीटिंगमध्ये तरी नावं घ्या, हसतात ते लोक.

"परक्याचं नाव जिभेवर चढत नसेल तर चढवायचं कशाला?" ते म्हणाले. "जीभ आपली आहे का त्यांची?"

आणि वर ते दुसऱ्या दरवाज्याचं खूळ. तिथे आई एका दगडावर बसते आणि मुलीची वाट बघते. बस्स. दाबायला बटण नाही, मारायला राक्षस नाही. खेळणाऱ्याने यंत्र स्थिर धरून गप्प बसायचं. हललं की आई उठून उभी राहते आणि वाट बघणं पुन्हा पहिल्यापासून. बऱ्याच वेळाने दरवाज्याच्या फटीत जरा उजेड येतो, तेवढंच बक्षीस. आम्ही सगळ्यांनी समजावलं. लोक चिडतील, बंद करतील, परत उघडणार नाहीत. दरबार ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "धावायला कुणालाही लावता येतं हो. बसवून दाखवा." हे त्यांचं आवडतं वाक्य. ज्या माणसाला पोह्यांची प्लेट यायला उशीर झाला तर जिन्यात जाऊन उभं राहावं लागायचं, तो जगाला बसायला शिकवत होता.

आता त्यांच्या मुलीचं सांगते, कारण हा सगळा तमाशा तिच्यासाठी होता आणि ते त्यांनी कुणापासून लपवलंही नव्हतं.

मुक्ता शाळेत असताना पहिला भाग तीच खेळून बघायची. चुका तिने काढायच्या, बापाने दुरुस्त करायच्या. पुढे ती शिकायला जर्मनीला गेली, तिथेच नोकरी, आणि तिथल्याच मुलाशी लग्न करायचं ठरलं. व्हिडिओ कॉलवर तिने त्या मुलाला शेजारी बसवलं. त्याने कुठूनतरी शिकून "नमस्कार" म्हटलं. दरबारांनी त्या नमस्काराला उत्तर दिलं नाही. मुलीला विचारलं, "यांचं घराणं कुठलं?"

ती हसली म्हणे. तिला वाटलं बाबा गंमत करतायत. मग हे पुढे म्हणाले की आपल्या दारात असलं पायपुसणं चालणार नाही. तो मुलगा समोर बसलेला. त्याला मराठी कळत नव्हतं, पण चेहरा तर कळतो ना. तिने कॉल कापला. मग नंबर ब्लॉक केला, घरच्या ग्रुपमधून बाहेर पडली, लग्न केलं. आईशी बोलते, आणि बापाचं नाव निघालं की आईलाही "ठेवते" म्हणते. हे मला वहिनींनीच, म्हणजे त्यांच्या बायकोनेच सांगितलं, दरबारांच्या समोर, चकल्या वाढत. दरबार चकली मोडत बसले होते. मला त्यांची तेव्हा जराही दया आली नाही, आणि का यावी?

पण त्यांचं एक गणित होतं. पहिला भाग तिने खेळलाय. दुसरा तिथल्या दुकानात दिसला तर ती घेतल्याशिवाय राहायची नाही. बापाने पाठवलेलं ती उघडणार नाही, स्वतः विकत घेतलेलं उघडेल. म्हणून गेम जर्मनीत लागला पाहिजे. बाकी कुठे लागो न लागो. यासाठी त्यांनी खजरान्याच्या गणपतीला जाऊन देवळाच्या मागच्या भिंतीवर उलटं स्वस्तिक काढलं. आमच्याकडे इंदूरला ही रीतच आहे. गणपतीकडे काही मागायचं तर मागच्या भिंतीवर कुंकवाने उलटं स्वस्तिक काढायचं, आणि मागणं पुरं झालं की येऊन सरळ काढायचं. परीक्षा, नोकरी, मूलबाळ, फ्लॅटचं पझेशन, सगळं त्या भिंतीवर उलटं होऊन बसलेलं असतं. ते कपाळाला टिळा लावून आले आणि सगळ्यांना लाडू वाटले. "मागून आलोय," म्हणाले, "गेम तिच्या हातात पडू दे."

तिथूनच त्यांच्या डोक्यात आलं. गेममध्ये प्रत्येक दरवाज्याशी खेळ सेव्ह करायची जागा असते. तिथे आईने भिंतीवर उलटं स्वस्तिक काढायचं, आणि शेवटी मुलगी भेटली की प्रत्येक ठिकाणी ते सरळ होतं. कल्पना आम्हाला आवडली. नीलेशने त्यातलं कुंकू असं रंगवलं की बोटाला लागेल वाटावं. मी त्याचा कोड लिहिला. बंगळूरच्या मॅडमनीही सगळं बघून "ब्यूटिफुल" म्हटलं. त्यांच्या दारावरही तेच असणार. कुणालाही, अगदी कुणालाही काही खटकलं नाही. आता आठवलं की डोकं बडवून घ्यावंसं वाटतं. इतकी शिकलेली माणसं, आणि जर्मनीत पाठवायच्या गेममध्ये भिंतीभिंतीवर लाल स्वस्तिकं.

जर्मनीला गेम दाखवायचा दिवस आला. कॉलवर बंगळूरच्या मॅडम, आणि जर्मनीत गेम दुकानांत पोचवणारे एक गृहस्थ, गोरे, सभ्य, पांढऱ्या दाढीचे. खेळायला मी, मागे बडीशेप. कुत्र्याला जलेबी घातली तेव्हा गृहस्थ मनापासून हसले. पहिल्या दरवाज्याशी आईने चिन्ह काढलं, तेव्हा ते जरा पुढे झुकले. मी शेवटच्या दरवाज्याचा भाग लावला. मुलगी आली, संगीत चढलं, आणि सगळ्या भिंतींवरची उलटी चिन्हं एकापाठोपाठ एक सरळ होत गेली. लाल. ओळीने.

त्या गृहस्थांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग फार हळू आवाजात म्हणाले की हे चिन्ह त्यांच्या देशात असं दाखवता येत नाही. कायद्याचा प्रश्न आहे, आणि कायदा नसता तरी त्यांनी स्वतः हा गेम दुकानात ठेवला नसता.

एवढं ऐकून शहाण्या माणसाने काय केलं असतं? दरबारांनी लेक्चर दिलं. हे मंगल आहे, हे हजारो वर्षांचं आहे, तुमच्या त्या माणसाने ते चोरलं त्याला आम्ही काय करणार, ग्रीकांच्या मडक्यांवरसुद्धा हे असतं, आणि आमचे पणजोबा. पणजोबा इथेही आलेच. गृहस्थ ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "मला ते सगळं माहीत आहे, सर. पण माझ्या आजीला ते माहीत नव्हतं. तिच्या दारावर हे कुणीतरी रंगवून गेलं होतं." यावर मॅडमनी कॅमेऱ्यावरून नजर काढून घेतली. 

मग मॅडम म्हणाल्या, "सर, सीधी बात है. या तो ये हटेगा, या जर्मनी हटेगा. बाकी जगह ऐसे ही रिलीज कर देते हैं, हमें कोई दिक्कत नहीं."

म्हणजे आमच्या नोकऱ्या सुरक्षित होत्या, गेमही सुरक्षित होता. अडकला होता तो फक्त एक बाप. मी मागे वळून बघितलं. मला खात्री होती की आता घराणं बाहेर निघणार, परंपरा निघणार, आणि हा माणूस स्वतःच्या हट्टापायी मुलीकडे जाणारी एकुलती वाट बंद करून घेणार. एकदा केलं होतंच. नीलेशने तर हळूच माझ्याकडे बघून मान हलवली.

"काढून टाका," दरबार म्हणाले.

"सर, त्याच्या जागी काय टाकू?" नीलेशने विचारलं. "कुंकवाचा पंजा टाकतो, मस्त दिसेल."

"पंजा टाकाल तर इथले लोक गेम बंद पाडतील," ते म्हणाले. "दिवा ठेवा. आई दिवा लावते आणि पुढे जाते. दिव्याला कोण नको म्हणेल?" मग कपाळावरची चाळशी डोळ्यांवर घेतली आणि जिन्यात जाऊन उभे राहिले. पोहे सांगितले नव्हते.

गेम आला. जर्मनीतही लागला. ज्यांनी परीक्षणं लिहिली त्यांनी कुत्र्याचं कौतुक केलं आणि बसायच्या दगडाची सालटी काढली. एकाने लिहिलं की हा गेम खेळताना मला बँकेत आल्यासारखं वाटलं. मी ते दरबारांना मोठ्याने वाचून दाखवलं, हो, मुद्दाम. त्यांचं लक्षच नव्हतं. ते नवं हँडहेल्ड मांडीवर घेऊन बसलेले असायचे. खेळायला नव्हे, त्यात मित्रांची यादी असते, ती उघडून. यादीत एकच नाव. मुक्ता शाळेत असताना दोघांनी एकमेकांना जोडलं होतं, ते नव्या यंत्रातही आलं. तिने फोनवरून काढलं, ग्रुपमधून काढलं. इथून काढायचं राहिलं असावं, किंवा ठेवलं असावं. नावापुढे आता नवऱ्याचं आडनाव होतं, भलं मोठं, जर्मन. नावाशेजारी एक ठिपका असतो. माणूस खेळत असला की हिरवा, नाहीतर राखाडी. तो राखाडीच.

आणि हे बघत बसायचे. जेवताना बघायचे, मीटिंगमध्ये बघायचे, बाथरूमला जाताना यंत्र माझ्या टेबलावर ठेवून "लक्ष ठेवा" म्हणायचे. मला कामं नव्हती का? एकदा मी वैतागून म्हटलं, "सर, तिला वहिनींच्या फोनवरून सरळ सॉरी म्हणा ना. दोन मिनिटांचं काम आहे. त्यासाठी आख्खा गेम कशाला बनवावा लागतो?" यावर त्यांनी मला पणजोबांचं काहीतरी सांगितलं. आजही मला वाटतं की मी म्हणत होते तेच बरोबर होतं.

एका दुपारी मी कोड तपासत बसले होते. मागे येऊन उभे राहिले. बडीशेप नव्हती त्या दिवशी. यंत्र माझ्या समोर धरलं.

ठिपका हिरवा होता. खाली छोट्या अक्षरांत आमच्या गेमचं नाव, आणि त्याच्या खाली ती कुठे पोचली आहे ते: दुसरा दरवाजा.

"बसलीय," दरबार म्हणाले.

नीलेशही उठून आला. आम्ही तिघं त्या एवढ्याशा हिरव्या ठिपक्याकडे बघत राहिलो. चिडून बंद करेल असं मला वाटत होतं, सगळे करतात. ती करेना. स्टेशनवर कुठल्यातरी गाडीची घोषणा झाली, ती संपली, दुसरी झाली. ठिपका हिरवा.

"सर, इथूनच मेसेज जातो," मी म्हटलं. "मी टाइप करून देऊ का?"

"हात लावू नका," ते म्हणाले. "हललं की पहिल्यापासून."

तो नियम गेमचा होता, मेसेजचा नव्हता, हे मी त्यांना सांगणार होते. पण यंत्र त्यांनी अगदी स्थिर धरलं होतं. मी हात मागे घेतला. बऱ्याच वेळाने खालची अक्षरं बदलली: तिसरा दरवाजा. मग ठिपका राखाडी झाला.

दरबारांनी चपला घातल्या. "खजरान्याला सोडाल का? सरळ करून येतो."

"काय सरळ करून येता? ती आली कुठे? फोनसुद्धा नाही केला तिने."

"मी फोन मागितलाच नव्हता. हातात पडू दे म्हटलं होतं. पडला." मग जरा थांबून म्हणाले, "आणि ते फोनमध्ये बोलून दाखवतं ना, नाव लिहिलं की? ते लावा जरा."

मी जावयाचं ते भलं मोठं आडनाव टाकलं. फोनमधली बाई म्हणाली, "श्लुख्टरमान."

स्कूटरवर माझ्या मागे बसून हा माणूस सगळ्या वाटेत तेच घोकत होता. श्लुकटर. श्लोख्तर. नाही नाही. श्लुख. सिग्नलला शेजारच्या रिक्षातली बाई वळून बघायला लागली. पुन्हा लावा म्हणाले, मी पुन्हा लावलं. ज्याने ग्रीकांच्या एका देवाचं नाव कधी घेतलं नाही, त्याची ती कसरत ऐकून मला हसू येत होतं. खजराना येईपर्यंत बऱ्यापैकी जमलं होतं.

मागच्या भिंतीवर त्यांचं उलटं कुठलं ते अर्थातच सापडेना. सगळी भिंत लाल. मग त्यांनी मोकळी जागा बघून बोटाने एक सरळ काढलं, बोट धोतराला नाही तर माझ्या ओढणीला पुसायला निघाले, मी ओढणी ओढून घेतली. पुढे जाऊन लाडू चढवले. पुजाऱ्याने हातावर पाणी दिलं, संकल्प सोडायला.

"किस के नाम से?"

"बेटी और जमाई," दरबार म्हणाले. मुलीचं नाव सांगितलं, जावयाचं सांगितलं, आणि मग ते अख्खं आडनाव एका दमात, न अडखळता. पुजाऱ्याने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"गोत्र?"

दरबारांनी ओंजळीतल्या पाण्याकडे बघितलं.

"कश्यप," ते म्हणाले.